जुन्या गाडीला नवे मीटर कशाला?

“काऊन हो सर, या डब्ब्याले नवा मीटर कायले लावला?” हा प्रश्न मला गावच्या पारावर, परतवाड्याच्या पेट्रोल पंपावर आणि एकदा तर पुतण्याच्या लग्नात भर पंगतीत ऐकावा लागला आहे. विचारणाऱ्यांपैकी काहींना नुसती थट्टा करायची असते. पण बाकीच्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली अशीच एखादी जुनी गाडी उभी असते आणि थट्टेच्या आडून त्यांना खर्च विचारायचा असतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी एक दुरुस्ती. नवे मीटर, म्हणजे वेग, पेट्रोल आणि टेंपरेचर दाखवणारे डॅशबोर्डवरचे खोके, माझ्या गाडीत नाही. ते बसवले होते, पण सहा महिन्यांत काढून टाकले. आज दिसते ते जुन्याच खोक्यातले, आतून नव्याने उभे केलेले मीटर आहे आणि त्याच्या शेजारी काडेपेटीएवढी एक आकडे दाखवणारी डबी आहे. गाडी १९९८ ची मारुती ८००, तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची, कार्बोरेटरवाली. या गाडीचे उत्पादन डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तीस वर्षे रस्त्यावर येत राहिल्यामुळे तिची स्पीडोमीटर केबल, टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी कळवणारा फ्लोट, मीटरची काच असे सामान अजूनही तालुक्याच्या ठिकाणी मिळते. हा भाग्याचा भाग आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते बरेचसे त्याच्या भरवशावर झाले.

मीटरकडे माझे लक्ष गेले ते हौसेमुळे नव्हे. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला निघालो होतो. मागे सासूबाई आणि आंब्यांची पेटी. घटांगच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत असताना मी वारंवार टेंपरेचरच्या काट्याकडे पाहत होतो आणि काटा निम्म्याच्या खाली शांत होता. एका वळणानंतर तो आणखी थोडा उतरला, तेव्हा मला बरेच वाटले. पुढच्याच वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली. रेडिएटरच्या खालच्या पाइपला चीर पडलेली होती, ती मला ठाऊक होती आणि दोन महिने मी ‘पुढच्या आठवड्यात बदलू’ म्हणत होतो. त्यामुळे गाडीला किंवा कारागिराला बोल लावण्याची सोय नव्हती. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्याखालची गॅस्केट उडाली, हेड घासून घ्यावे लागले आणि नऊ हजार रुपये गेले.

मला सलत होता तो काटा. इंजिन उकळत असताना तो खाली कसा गेला? आमच्या मेकॅनिक काकांनी हात पुसत एका वाक्यात निकाल दिला, “सर, पाणीच नाही राह्यलं त काटा चढन कसा?” काट्याला खबर देणारा सेन्सर इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत बसवलेला असतो. तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, जास्त वीज वाहते आणि काटा चढतो. मात्र तो मोजतो ते पाण्याचे तापमान, इंजिनाच्या धातूचे नव्हे. पाणी गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा ‘सर्व ठीक’ असे सांगत राहतो. त्यात घाटाची आणखी एक भर असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंच आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी शंभरऐवजी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते म्हणून एरवी पाणी शंभराच्या बरेच पुढे जाऊनही उकळत नाही. पण झाकणाचे रबर कडक झाले, किंवा माझ्यासारखी पाइपलाच चीर असली, की तो दाब राहत नाही.

आता त्या काढून टाकलेल्या नव्या मीटरविषयी. २०२१ च्या दिवाळीत पुतण्याने मोबाइलवरून एक डिजिटल मीटर मागवले. कोणत्याही गाडीला चालणारे, सात रंगांत उजळणारे. अमरावतीहून रात्री परत येताना ते फारच देखणे दिसायचे, हे कबूल करतो. पण पहिल्याच आठवड्यात बॅटरी उतरू लागली. पुष्कळ जुन्या गाड्यांत मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा हा केवळ दिवा नसतो. त्याच्या बल्बमधून जाणारी थोडीशी वीज अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, जागे करते. तारेच्या बल्बऐवजी एलईडी आला की तेवढी वीज जात नाही. माझ्या गाडीत मग जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू होईना. त्याला उपाय आहे, एलईडीला समांतर योग्य रोध जोडायचा किंवा त्या एका जागी जुना बल्बच ठेवायचा. पण हे कळेपर्यंत दोनदा धक्का मारून गाडी सुरू करण्याची पाळी आली, त्यातली एकदा बाजाराच्या दिवशी.

मीटरचा खरा निकाल मात्र एप्रिलने लावला. आपल्याकडचे ऊन काय चीज आहे हे वेगळे सांगायला नको. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तोही सावलीतला. बंद काचांच्या गाडीत डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. तहसील कचेरीसमोर दोन तास उभ्या केलेल्या गाडीत येऊन बसलो, तर पडदा काळाठिक्कर. आकडा नाही, रेघ नाही. स्वस्त एलसीडी पडदे साधारण सत्तर अंशांच्या पुढे असे काळे पडतात आणि थंड झाले की पुन्हा दिसू लागतात. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा इंजिनाची खबर सर्वांत जास्त लागते, नेमके तेव्हाच माझे मीटर डोळे मिटून बसायचे. मे उजाडायच्या आत ते काढले. पुतण्या अजून थोडा रुसलेला आहे.

मग २०२३ च्या जानेवारीत जुने मीटर पुन्हा बाहेर काढले आणि वायरमन काकांच्या टिनाच्या शेडखाली एक अख्खी सकाळ त्याच्यावर घालवली. खोके उघडल्यावर आत काळ्या मातीची मऊ धूळ, आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीने केलेले मातीचे घर, पाहुण्यांनी सोडून दिलेल्या खोलीसारखे रिकामे. मागच्या बाजूला पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर तांब्याच्या रेघा असतात, त्याच मीटरच्या तारा. त्यांतली अर्थिंगची रेघ स्क्रूपाशी हिरवी पडली होती. काकांनी ती पेन्सिलच्या खोडरबराने घासली. सँडपेपर का नाही, असे विचारले तर म्हणाले, “तांबंच निंगून येते ना बाप्पा.” मग अर्थिंगची एक वेगळी तार त्यांनी थेट बॉडीला नेऊन जोडली. पेट्रोलचा काटा दोन वर्षे आळशासारखा वागत होता, तो तेवढ्याने सुधारला.

यातून एक साधी परीक्षा हाती लागली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. पेट्रोल आणि टेंपरेचर या दोन्ही काट्यांना वीज आणि अर्थिंग एकाच ठिकाणाहून मिळते. दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले असतील तर दोष मीटरकडच्या विजेत किंवा अर्थिंगमध्ये शोधावा. एकच बिघडला असेल तर टाकीतला फ्लोट किंवा इंजिनावरचा सेन्सर पाहावा. हे न पाहता अख्खे मीटर बदलणारे पुष्कळ भेटतात, आणि नव्या मीटरचा काटाही तसाच लोळतो तेव्हा दुकानदाराशी भांडतात.

वेगाच्या काट्याचे तंत्र मला या सगळ्यात सर्वांत आवडले, कारण त्याला बॅटरीच लागत नाही. गिअरबॉक्समधून आलेली केबल एका चुंबकाला फिरवते. त्याच्यावर, त्याला न शिवता, अॅल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. काटा थरथरतो किंवा मीटरमधून पाखरासारखा चिरचिर आवाज येतो, तेव्हा दोष बहुधा कोरड्या केबलचा असतो. नव्या केबलला ग्रीस लावतानाही हात आवरता ठेवावा आणि वरचा वीतभर भाग कोरडाच सोडावा, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये शिरते. बसवल्यावर मी अंजनगावच्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर धरला आणि सौभाग्यवतींनी लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधली वेळ मोबाइलवर मोजली. ६० सेकंद यायला हवे होते, ६४ आले. म्हणजे खरा वेग ५६. मीटरने वेग थोडा जास्त दाखवणे हे बनावटीतच धरलेले असते. कमी दाखवला असता तर चिंता होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीला वेग दाखवणारे मीटर असावेच लागते आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवावी लागते, तेव्हा काटा हलणे कामाला आले.

किती किलोमीटर चालली, हा आकडा मी हलवू दिला नाही. मीटर उघडण्यापूर्वी त्याचा फोटो काढला, बिलावर तो आकडा लिहून घेतला आणि बिल गाडीच्या कागदांत ठेवले. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे मीटर लावले की तिचे किलोमीटर तुमच्या गाडीच्या नावावर चढतात आणि उद्या विकताना घेणारा फसतो. म्हणून तसे करायचे झालेच तर निदान कागदावर ते स्पष्ट असावे. नव्या, संगणकाच्या गाड्यांत तर हा नाद करूच नये.

पेट्रोलच्या काट्यासाठी मी टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतले आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते एका कागदावर काढले. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसल्याने पाव खुणेवर पाव टाकी नसते, हे त्या कागदाने दाखवून दिले. तो कागद ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जंगलातून जायचे तर काट्यापेक्षा मी त्या कागदावर विश्वास ठेवतो.

आता ती काडेपेटीएवढी डबी. तिचा सेन्सर पाण्यात नाही, सिलिंडर हेडच्या एका बोल्टखाली वॉशरसारखा बसवला आहे, त्यामुळे पाणी असो वा नसो, ती धातूचे तापमान सांगते. आकडे लाल एलईडीचे आहेत, उन्हात काळे पडत नाहीत, आणि ठरवलेल्या अंशाच्या वर गेले की बझर वाजतो. आधी आठवडाभर गाडी वेगवेगळ्या रस्त्यांवर चालवून नेहमीचा आकडा पाहिला, मग त्याच्या पंधरा अंश वर बझर लावला. माझ्या मते या सगळ्या उठाठेवीत पैसे वसूल झाले ते इथेच. आरपीएमचे, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारे, मीटरही बसवावे का, असे काही जण विचारतात. बसवायचेच असेल तर ते तीन सिलिंडरवर लावता येते का, एवढे आधी पाहावे. चारच्या खुणेवर ठेवले तर इंजिन चार हजारांवर फिरत असताना ते तीन हजार दाखवते.

खर्च म्हणाल तर केबल, नवी काच, फ्लोट, बल्ब, ती डबी आणि काकांची मजुरी मिळून चार हजार तीनशे रुपये. काढून ठेवलेले डिजिटल मीटर याहून महाग होते. ते आता पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये खिळ्याला टांगले आहे. तुम्हाला हे काम करायचे असेल तर होळीच्या आधी उरका. नंतर टिनाच्या शेडखाली, तापल्या डॅशबोर्डात डोके घालून खोडरबराने तांबे घासायला कोणताही कारागीर राजी होत नाही, आणि झाला तरी घाई करतो. आणि रेडिएटरच्या पाइपला चीर दिसत असेल, तर आधी पाइप.