हापशाचं पाणी आणि आपले सर

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहा म्हणून समितीचा फोन आला तेव्हा मी दार्जिलिंगला फर्स्ट फ्लशच्या, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीच्या चहाच्या, खरेदीत होतो. शाळा म्हटलं की मला सायन्सचे सरच आठवतात, बाकी गुरुजनांनी राग मानू नये.

नववीला सुफेन-दुष्फेन पाणी होतं, म्हणजे साबणाचा फेस सहज होणारं न होणारं. साबणाचा प्रयोग सरांनी लगेच उरकला आणि तिवईवर, स्पिरिटच्या दिव्यावर चक्क चहा मांडला. बीकर नको, त्यात काय काय ओतलेलं असतं, म्हणून शिपाईमामांच्या घरून दोन पातेली आणलेली. एकात शाळेच्या हापशाचं पाणी, दुसऱ्यात पन्हळीखाली धरलेलं पावसाचं. पत्ती तीच, किराणा दुकानातली सुटी. हापशाच्या पाण्याचा चहा काळपट, वर तवंग, ग्लास हलवला की तवंगाला भेगा पडायच्या. पावसाच्या पाण्याचा लालसर, आरपार दिसणारा. मग सरांनी काळपट चहात लिंबू पिळलं न रंग झटकन उतरला, आम्ही सगळे ओरडलोच. "लेकरांनो, दोष पत्तीचा नाही, पाण्यातल्या कॅल्शियमचा आहे."

पुढं बीएस्सी केमिस्ट्री, वाळूजला नोकरी, मग ती सोडून बागेतून थेट पत्ती आणून विकायला लागलो. वडील म्हणाले, शिकूनसवरून पत्तीच विकायची होती का! आपल्याकडच्या गिऱ्हाईकाला दूध, साखर, अद्रक लागतं, बिनदुधाचा फर्स्ट फ्लश दिला की म्हणतो, "फिक्का लागायलाय." ग्रीन टी खळाखळा उकळतात न मग कडू झाला म्हणून मलाच फोन, अहो सत्तर-ऐंशी डिग्रीचं पाणी बास होतं. टेस्टिंगचं माप ठरलेलं आहे, शंभर मिलीला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं, पण पाणी ज्या त्या गावचं. म्हणून नव्या गावात माल द्यायच्या आधी मी तिथलं पाणी मागवतो. बोरच्या पाण्यात नाजूक दार्जिलिंग मरतं, तिथं आसामची कडक पत्तीच टिकते. हे सगळं सरांचंच.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा सरांचा फोन, "या पाण्याचा चहा करून बघितलास का?" लोकांना प्यायला पाणी नाही आणि यांना चहा!

परवा शाळेत आलो तर प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर रूम. बरंच आहे म्हणा, पण तिवई कपाटावर धूळ खातेय ते बघून वाईट वाटलं. नववीच्या पोरांनी दुष्फेनची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली, तवंग कुणी बघितलेला नाही.

कार्यक्रमाचा चहा माझ्याकडून. पाणी आरओचं आहे का टँकरचं तेवढं समितीनं आधी कळवावं, पत्ती त्या हिशोबानं आणतो.