आग्फा क्लिक-थ्री: मृग ते मघा, पावसाळ्याची नोंद

साधा कॅमेरा उन्हातच चालतो, आभाळ आलं की पिशवीत टाका, हे आपल्यापैकी प्रत्येकानं ऐकलेलं असतं. मी यंदा नेमकं उलटं करून पाहिलं. उन्हाळाभर क्लिक-थ्री, हा आग्फाचा फिल्मवर चालणारा जुना साधा कॅमेरा, कपाटात ठेवला आणि मृग लागल्यावर बाहेर काढला. आता मघा सरल्यात, निगेटिव्हच्या पट्ट्या समोर आहेत आणि माझं मत पक्कं झालंय: आजच्या फिल्मवर हा पावसाळी कॅमेरा आहे.

आधी हिशेब, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

माझा नग पुण्याच्या जुन्या बाजारातला, रविवारी घेतलेला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं आग्फासाठी बनवलेला. १२० ची फिल्म, म्हणजे पाठीला कागद असलेली रुंद रोल फिल्म; तिच्यावर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो. फोकस एकच, साधारण दहा फुटांच्या पलीकडचं सगळं बरं येतं. छिद्राला ऊन आणि ढग अशा खुणा, साधारण एफ/११ आणि एफ/८.८ (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). शटरचा वेगही एकच. तो तपासायला मागचं झाकण काढून, कॅमेरा खिडकीकडे धरून मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शूट केलं. शटर सात-आठ फ्रेम उघडं दिसतं, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग.

आता सनी सिक्स्टीनचा, म्हणजे मीटरशिवाय प्रकाशाचा अंदाज बांधायचा नियम लावा. १०० आयएसओच्या फिल्मला (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, ती किती पटकन प्रकाश टिपते ते) कडक उन्हात एफ/१६ आणि १/१२५ सेकंद पुरतं. क्लिक उन्हाच्या खुणेवर देतो एफ/११ आणि १/३०. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. छिद्राचा एक स्टॉप आणि शटरचे दोन मिळून तीन स्टॉप जास्त, म्हणजे आठपट प्रकाश. निगेटिव्ह फिल्म सोशिक असते म्हणून फोटो येतो, पण आकाश चुन्यासारखं पांढरं आणि निगेटिव्ह इतकं दाट की स्कॅनरला घाम फुटावा. हे कॅमेरे आखले गेले तेव्हा फिल्मचा वेग कमी होता, आणि त्या काळच्या आकड्यांत सावधगिरीचा एक स्टॉप धरलेला असे. १९६० साली अमेरिकन मानकानं तो काढून टाकला आणि डब्यांवरचे आकडे एका रात्रीत दुप्पट झाले. फिल्म तीच, नंबर नवा.

उलट, सावली पडत नाही असं भरलेलं आभाळ घ्या. तिथं १०० आयएसओला एफ/५.६ आणि १/१२५ लागतं. क्लिकच्या ढगाच्या खुणेवर जे मिळतं ते यापेक्षा फक्त पाऊण स्टॉप जास्त, आणि काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला तेवढं मानवतंच. आपल्याकडे असं आभाळ चार महिने फुकट मिळतं.

मृग

मृग यंदा कोरडाच. ढग येत, अर्धा तास थांबत, निघून जात. कॅमेऱ्यात एफपी-फोर प्लस १२५ ही काळी-पांढरी फिल्म भरली आणि वाईच्या गणपती घाटावर ढगाची वाट बघत बसायची सवय लागली. घाटावर म्हशी, कपडे धुणाऱ्या बायका, सुट्टीतली पोरं. विषयांना तोटा नाही. सूर्य ढगाआड गेला की दोन फोटो, परत बाहेर आला की थांबायचं. प्रकाश मोजायचं मीटर नेलं नाही. स्वतःची सावली पायरीवर दिसते का, एवढंच बघायचं. सावलीला कडा असेल तर नको, सावलीच नसेल तर दाबा.

क्लिक नव्यानं घेतलेल्यांसाठी लाल काचेबद्दल सांगते. मागच्या लाल खिडकीतून फिल्मच्या कागदावरचा आकडा बघून पुढं गुंडाळायचं असतं. कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, ६ बाय ६ ची मधली. ही काच लाल का, तर जुन्या ऑर्थो फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मला चांगला दिसतो. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावायची आणि फिल्म फिरवताना तेवढी उचलायची, तीही अंगाच्या सावलीत.

आर्द्रा

पाऊस सुरू झाला आणि काम बदललं. प्रकाशाचा प्रश्न मिटला, हाताचा सुरू झाला. १/३० ला हात हलतोच, त्यात क्लिकचा शटर-खटका लांब. दाबताना कॅमेरा खाली झुकतो. मी कॅमेरा गालाला टेकवून धरते, अंगठा तळाशी बरोबर खटक्याच्या खाली ठेवते आणि दाबण्याऐवजी दोन बोटांत चिमटा घेतल्यासारखं करते. श्वास अर्धा सोडून. शक्य असेल तिथं घाटाच्या कठड्यावर किंवा देवळाच्या खांबाला कॅमेरा टेकवते. फरक दहा इंचाच्या प्रिंटमध्ये ढळढळीत दिसतो.

छत्री धरायला भाची. तिची अट एकच, प्रत्येक रोलमधला एक फोटो ती काढणार. तिचे फोटो माझ्याहून बरे येतात असं घरात सगळ्यांचं मत आहे. मी त्यावर बोलत नाही.

या दिवसांत मेणवलीला जाणं झालं. नाना फडणवीसांचा वाडा, मागचा घाट आणि मेणेश्वराच्या देवळाजवळची ती मोठी पोर्तुगीज घंटा, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. घंटेवर अंधार फार, ढगाच्या खुणेवरही १०० च्या फिल्मला कमी पडणार हे दिसत होतं. इथं क्लिकचा एक दुर्गुण कामी येतो. फिल्म पुढं न नेता शटर दुसऱ्यांदा दाबलं तर तो अडवत नाही. कॅमेरा दगडावर घट्ट टेकवला आणि त्याच फ्रेमवर चार वेळा दाबलं. दोनदा दाबलं की एक स्टॉप, चारदा दाबलं की दोन. घंटा काही हलत नाही. फोटोत तिच्या कडेचा ओलसर उजेडसुद्धा उतरलाय. पानं मात्र चार वेळा हलल्यामुळं धुरासारखी झालीत, आणि मला ती तशीच आवडतात.

पुनर्वसू

तरण्या पावसात माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात असते. लोणंदच्या पुढं चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण. तिथं साठ-सत्तर हजारांच्या कॅमेऱ्यांची रांग लागते, पावसाची प्लास्टिकं घातलेल्या लांब लेन्सा. त्यात हा गळ्यातला क्लिक. एक वारकरी आजोबा म्हणाले, "आमच्या थोरल्याकडं होता असला. चालतो व्हय अजून?" चालतो म्हटलं तर त्यांनी टोपी सरळ केली आणि उभे राहिले. दहा फूट मागं सरकायला जागा नव्हती, तेव्हा चेहरा किंचित मऊ आलाय, मागचे पताकावाले धारदार.

धावता अश्व १/३० ला थांबत नाही हे उघड आहे. थांबवायचा प्रयत्नच केला नाही. दोन्ही बाजूंची माणसं टाळ धरून उभी, मधून एक पांढरट पट्टा गेलाय, त्यात चार पायांचा अंदाज येतो. महागड्या कॅमेऱ्यातल्या गोठलेल्या घोड्यापेक्षा मला हा जास्त पळताना दिसतो. पटत नसेल तर वाद घालायला तयार आहे.

आभाळ त्या दिवशी फारच काळं होतं म्हणून एचपी-फाइव्ह प्लस ४०० ही जास्त वेगाची फिल्म भरली होती. धो-धो पावसाच्या दिवशी हीच भरा. तीच फिल्म उन्हात घेऊन जाल तर पाच स्टॉप जास्त होतील, तेव्हा रोल भरण्याआधी खिडकीबाहेर बघायचं. बारा फोटोंत फिल्म संपते हा १२० चा मोठा फायदा. आभाळ बदललं तरी अडकून पडायला होत नाही.

पुष्य आणि आश्लेषा: न्हाणीघरातलं काम

म्हाताऱ्या पावसात बाहेर पडणं कमी, फिल्म धुणं जास्त.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, रोडिनल. आग्फानं १८९१ मध्ये पेटंट घेतलेलं रसायन, आग्फाच्याच कॅमेऱ्याला. जोडी जमवायचा मोह होताच, पण खरं कारण म्हणजे अर्धी भरलेली बाटलीही वर्षानुवर्षं टिकते. एफपी-फोर प्लसला १+५० मध्ये (एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी) २० अंशाला १५ मिनिटं सांगितली आहेत. उन्हाळ्यात आमच्या नळाचं पाणी तिशीला टेकतं, त्याला २० वर आणायचं म्हणजे बर्फाचा खेळ. पावसाळ्यात तेच पाणी २४ च्या आसपास मिळतं. तिथं अकरा मिनिटांच्या जरा आत टाकी रिकामी करते. पाचगणीच्या धुक्यातल्या रोलला मात्र पूर्ण तेरा मिनिटं दिली, कारण धुकं आणि ही साधी लेन्स मिळून सगळं राखाडी करून टाकतात. वेळ वाढवली की काळा रंग जरा जाग्यावर येतो.

एक रोल कॅफिनॉलमध्ये धुतला. ही कॉफीची कृती १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रविद्यापीठातल्या एका वर्गातून आली. अर्धा लिटर पाण्याला धुण्याचा सोडा २७ ग्रॅम, व्हिटॅमिन सी ८ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी २० ग्रॅम, २० अंशाला १५ मिनिटं. सोडा कोरडा हवा. किराणा दुकानात स्फटिकांचा मिळाला तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं; तो जुन्या कढईत परतून भुकटी करा आणि मग वजन करा. खायचा सोडा चालत नाही. वास असा सुटतो की आई बाहेरून ओरडली, "अगं, काय जाळलंस?" निगेटिव्ह तपकिरी झाक घेऊन आलं, दाणा मोठा, पण छटा गोड आहेत. रोजच्या कामाला मी रोडिनलच ठेवणार.

वाळवणं हा पावसाळ्यातला खरा त्रास, असं सगळे म्हणतात. फिल्म वाळायला रात्र जाते हे खरं, पण हवेत धूळ नसते त्याचं कुणी बोलत नाही. एप्रिलमधल्या माझ्या पट्ट्यांवर ठिपकेच ठिपके आहेत, आषाढातल्या जवळजवळ स्वच्छ. बुरशीची भीती मात्र खरी. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मी स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते आणि पुड्या तव्यावर मंद गरम करून परत वापरते. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्लाही ऐकलाय. तांदळाची भुकटी शटरमध्ये गेलेली ज्यांना चालेल त्यांनी ठेवावा.

मघा

सगळे रोल एकत्र पाहिल्यावर लेन्सचा स्वभाव कळतो. मधला भाग चांगला, कोपरे विरघळलेले. साध्या लेन्सची प्रतिमा सपाट पडत नाही, वाटीसारखी वळते. म्हणून क्लिकमध्ये फिल्मच वाकवून धरलेली आहे. आतले रूळ बोटानं चाचपून बघा, कमान लागते. एवढं करूनही कोपरे सुटतातच. तेव्हा मुख्य गोष्ट मध्ये ठेवायची आणि कोपऱ्यांत पाणी, धुकं, आभाळ येईल असं उभं राहायचं. ढोल्या गणपतीचं देऊळ पलीकडच्या काठावरून काढलं त्यात हे सगळ्यात नीट जमलंय: शिखर मध्ये आणि खाली कृष्णेचं गढूळ पाणी. वाड्याच्या कोरीव दरवाजाचा मात्र नाद सोडला. तिथं चारही कोपऱ्यांत नक्षी असते आणि चारही वाया जातात.

आता पुढं. उत्तरा-हस्तात ऊन निघेल आणि तीन स्टॉपचा प्रश्न परत येईल. पॅन-एफ प्लस ५० या कमी वेगाच्या फिल्मचा एक रोल आणून ठेवलाय, त्यानं एक स्टॉप सुटतो. उरलेल्या दोनांसाठी जुना एनडी-४ फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी करडी काच, लेन्ससमोर कागदी नळीत बसवून बघणार आहे. नळी दृश्यदर्शकाच्या आड येते, तेवढं जमवायचं राहिलंय. कुणी क्लिकवर फिल्टर पक्का बसवला असेल तर कसा ते सांगा. आणि १२० च्या रिकाम्या स्पूल फेकू नका; बाजारात मिळणाऱ्या निम्म्या क्लिकमध्ये ती नसते आणि तिच्याशिवाय फिल्म गुंडाळता येत नाही. माझ्याकडे दोन-तीन जास्तीच्या आहेत, वाईला आलात तर घेऊन जा.