सही अडली बारा मिलिमीटरवर

अमेरिकेत शिकताना डिसेंबरात घरी जायचं ठरवत असाल तर तिकिटं बघण्याआधी आपल्या युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर जा आणि कुठे लाल अक्षरात 'होल्ड', म्हणजे रजिस्ट्रेशन अडवणारी नोंद, दिसतोय का ते बघा. तिकीट काय, पैसे फेकले की मिळतं.

मी २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमएसला आलो. २२ डिसेंबरला सांगलीत आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणून पहिल्याच सुट्टीत जायचं ठरलं. तिकीट १८ चं. परीक्षा, प्रोजेक्ट, टीए, म्हणजे प्राध्यापकांचा मदतनीस, म्हणून तपासलेले पेपर हे सगळं कसं उरकलं ते आता आठवतही नाही. आठवते ती सही.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना बाहेर जाऊन परत यायचं तर आय-ट्वेंटी या युनिव्हर्सिटीने दिलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर इंटरनॅशनल ऑफिसची प्रवासासाठीची सही लागते. पहिल्या पानावर एक सही आधीच असते, तीच ही असं मी नोव्हेंबरपर्यंत धरून चाललो होतो. ती वेगळी. ही सही एक वर्ष चालते, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, असाल तर सहाच महिने. मी ऑनलाइन अर्ज टाकला, दुसऱ्या दिवशी परत आला. स्प्रिंगचं, म्हणजे जानेवारीच्या सत्राचं, रजिस्ट्रेशन नाही, म्हणून सही नाही. रजिस्ट्रेशन करायला गेलो तर होल्ड. होल्ड कशाचा? टीबीची तपासणी केली नाही त्याचा. हेल्थ सेंटरने सप्टेंबरात दोन ईमेल पाठवल्या होत्या, त्या मी उघडल्याही नव्हत्या. एवढी चूक माझी. पुढची सगळी त्यांची, असं माझं आजही मत आहे.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी हेल्थ सेंटरला गेलो. दोन पर्याय होते: हातावर सुई टोचून करतात ती मॉन्टू टेस्ट, किंवा रक्ताची तपासणी. मॉन्टू फुकट होती. फुकट म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकलंच नाही. नर्सबाई म्हणाल्या, आज नाही टोचता येणार. टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत हात बघावा लागतो, आणि गुरुवार-शुक्रवार आम्ही बंद. मी म्हटलं, फोटो पाठवतो. तर म्हणे लाली मोजत नाहीत, बोटाने चाचपून फुगवटा मोजतात. म्हणजे सोमवारपर्यंत थांबा. ते पाच दिवस मी काय केलं विचारू नका. सगळं गाव रिकामं, आणि मी फ्रिजमधली उसळ खात कॅलेंडरकडे बघत बसलेलो.

२ डिसेंबरला टोचलं, ४ ला मोजलं. बारा मिलिमीटर. आपल्यासारख्या देशांतून आलेल्यांना दहापासून पुढे पॉझिटिव्ह धरतात. मी बाही वर करून डाव्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण दाखवला. म्हटलं, आमच्याकडे जन्मल्याबरोबर ही लस देतात, तिच्यामुळेही हात फुगतो. बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, हो, फुगतो, पण मोजताना आम्ही लस धरत नाही. मग टोचलं कशाला? हा प्रश्न मी मराठीत, मनात विचारला.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. रक्ताच्या तपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी भारतातून आलोय, हे फॉर्मवर लिहिलेलं होतं. मंगळवारीच कोणी 'तू रक्तच दे' म्हणालं असतं तर आठवडा वाचला असता. तेव्हा तुम्ही कोणाच्या म्हणण्याची वाट बघू नका, स्वतःहून रक्ताची तपासणी मागा. चार पैसे जाऊ देत.

रात्री घरी फोनवर सांगायची चूक केली. आई आधी गप्प झाली, मग एकदम, "खोकला येतोय का रे तुला?" मागून आजोबांचा आवाज, "आमच्या वेळी टीबी म्हटलं की वानलेसवाडीचं सॅनिटोरियम. त्याला म्हणावं इकडेच ये, जवळ पडेल."

५ ला रक्त दिलं, ९ ला रिपोर्ट आला. निगेटिव्ह. पण रिपोर्ट आला म्हणून होल्ड आपोआप जात नाही. तो हाताने काढतात, आणि काढणाऱ्या व्यक्तीला रिपोर्ट आल्याचं कळत नाही. मी १० ला सकाळी काउंटरसमोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा दोन मिनिटांत गेला. ईमेल करत बसू नका, जाऊन उभे राहा. रजिस्ट्रेशन केलं, सहीचा अर्ज पुन्हा टाकला. 'कामाचे पाच दिवस लागतील.' बोटांवर मोजलं: मंगळवार १७. सुटायच्या आदल्या दिवशी.

या गडबडीत विद्यार्थी संघटनेने विमानतळापर्यंत ठेवलेल्या फुकट बसची नावनोंदणी हुकली. दर वर्षी असते म्हणतात, तिच्यावर लक्ष ठेवा. लायब्ररी परीक्षेच्या आठवड्यात रात्रभर उघडी असते, फुकट कॉफी असते, ताण घालवायला कुत्रीही आणून बसवतात. मी त्यातल्या एकाला अर्धा तास थोपटलं, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

सही आली १६ ला, पीडीएफमध्ये. एवढ्यासाठी! प्रिंट काढायला मात्र लायब्ररीत लांब रांग, कारण सगळ्यांचे प्रोजेक्टचे रिपोर्ट त्याच दिवशी. दोन प्रती काढल्या, एक हातातल्या बॅगेत ठेवली. आणि हो, निघताना हीटर पूर्ण बंद करू नका. ५५ फॅरनहाइटवर ठेवा, नाहीतर थंडीने पाइप फुटतात. माझ्या रूममेटने हीटर बंद केला होता, मी बुटांसकट परत वर जाऊन लावला.

जानेवारीत परत येताना शिकागोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने आय-ट्वेंटी उलटून दुसरं पान बघितलं. जेमतेम एक सेकंद. मग विचारलं, बॅगेत खायचं काय आहे?

चकल्या, मी म्हटलं.