पळून झाल्यावर चालत का राहायचं

आमच्या पळणाऱ्या मंडळींत सगळ्यात हळू पळते ती मी आणि सगळ्यात जास्त बोलते तीही मीच. नोकरीची सगळी वर्षं शरीरक्रियाशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात गेली, त्यामुळे कुणी धापा टाकताना दिसलं की माझा हात आपसूक त्याच्या मनगटाकडे जातो. पोरं हसतात. "काकू, घड्याळात दिसतंय की सगळं!" दिसतात ते फक्त ठोके, आणि खरी गंमत ठोक्यांत नाहीच.

तरी तो भाग आधी उरकून टाकते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. जीव तोडून पळताना तेच २० ते २५ लिटरवर जातं, कसलेल्या खेळाडूचं तर ३५च्याही पुढे. ठोके वाढून वाढून अडीच-पावणेतीनपट होतात; बाकीची भर प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडल्यामुळे पडते. आणि जास्तीत जास्त ठोके किती जातील हे काढायला २२० मधून वय वजा करायचं ते सूत्र अगदी ढोबळ आहे. दहा-बारा ठोक्यांचा फरक सर्रास असतो, त्यावरून कुणी घाबरू नये आणि फुशारकीही मारू नये.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना स्टुलावर चढ-उतार करायला लावायचे. पहिलं पाऊल पडायच्या आधीच त्यांची नाडी वाढलेली असायची. स्नायूंना 'हला' असा हुकूम देताना मेंदू त्याच वेळी हृदयालाही कळवतो. मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हने (नसेने) एरवी हृदयाला घातलेला लगाम सगळ्यात आधी सैल होतो, म्हणून सुरुवातीची वाढ अशी झटकन होते.

मग सुरू होते वाटणी. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला एकूण रक्ताच्या १५ ते २० टक्केच येतं. जोराच्या व्यायामात ८० टक्क्यांहून जास्त. आतडी आणि मूत्रपिंडं यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या आखडतात, मेंदूचा पुरवठा मात्र साधारण तेवढाच राहतो. खरं तर वाहिन्या आखडायचा आदेश स्नायूंनाही पोचलेला असतो. पण राबणाऱ्या स्नायूत तयार होणारे पदार्थ, म्हणजे अडेनोसिन, पोटॅशियम, कार्बन डायऑक्साइड, तिथल्या वाहिन्या रुंदावतात आणि तो आदेश बराचसा निष्प्रभ करतात. ज्याचं काम चालू आहे त्याला मिळतं, आणि ते तिथल्या तिथे ठरतं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

हृदयाचा स्वतःचा स्नायू मात्र अडचणीत असतो. मिळालेल्या रक्तातला ७० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन तो बसल्या जागीच काढून घेतो. म्हणजे काम वाढलं की जास्त रक्त मिळणं हा जवळपास एकच मार्ग उरतो. हृदयाच्या धमनीत अडथळा असलेल्या माणसाला खुर्चीत काही जाणवत नाही आणि जिना चढताना छातीत दुखतं, ते यामुळे.

आता माझा लाडका भाग. हृदय तेवढंच रक्त पुढे पाठवू शकतं जेवढं त्याच्याकडे परत येतं. आणि पायातलं रक्त वर आणण्याचं बरंचसं काम पोटऱ्या करतात. प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू आतल्या शिरा पिळतो, शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली जाऊ देत नाहीत, मग ते वरच जातं. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ साली दंड आवळून, शिरा बोटाने दाबून हे दाखवलं होतं. तुम्हीही बघा: हात खाली सोडा, हाताच्या पुढच्या भागावरची फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारा. वरची झडप शाबूत असेल तर तेवढा तुकडा रिकामाच राहील. दाबलेलं बोट उचललं की भरेल.

म्हणूनच पळून आल्या आल्या खांबाला टेकून उभं राहणाऱ्यांवर मी ओरडते. पायातल्या वाहिन्या अजून सताड उघड्या असतात, पोटऱ्यांचा पंप मात्र बंद पडलेला. रक्त पायात साचतं, हृदयाकडे कमी येतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच-दहा मिनिटं रमतगमत चाललं की हे बहुतेक टळतं. तरी कुणाला भोवळ आलीच, तर त्याला आडवं करून पाय उंच धरा. आधार देऊन उभं करण्याचा परोपकार नको.

हे झालं थांबल्यानंतरच्या भोवळीचं. ऐन पळताना शुद्ध हरपली, तर त्याला या हिशोबात बसवू नका. तेव्हा पोटऱ्या चालू असतात, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं, अगदी हृदयातही. माणूस लगेच उठून "बरा आहे मी" म्हणाला तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, आणि तपासणी होईपर्यंत पळणं बंद.