माया सोडताना

घराला रंग द्यायचे ठरले आणि रंगाऱ्यांनी पहिल्याच दिवशी माळा रिकामा करून मागितला, तेव्हा जुन्या चादरींत बांधलेली कातरणाची तीन गाठोडी खाली उतरली. गेली 35 वर्षे मी घरच्यापुरते शिवते. पोलकी, परकर, झबली, पडदे आणि दोन-तीन वर्षांनी एखादी गोधडी. प्रत्येक शिवणातून जे उरले ते ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवत गेले, आणि गाठी सोडल्यावर लक्षात आले की शिवण्यापेक्षा उरलेले जपण्याचे काम मी अधिक नेटाने केले आहे. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “आई, यातलं काय काय कशाचं आहे, हे तरी आठवतं का तुला?” दुर्दैवाने सगळे आठवत होते.

मी एक नियम केला. तळहाताहून लहान तुकडा ठेवायचा नाही. मीटरभर कापडातून पोलके बेतले की मागे उरते ते बहुतेक वाकडेतिकडेच असते: मुंढ्याच्या चंद्रकोरी, गळ्यातून निघालेला अर्धगोल, बाहीच्या कडेच्या निमुळत्या पट्ट्या. अशा तुकड्यांपासून काही करायचे तर त्यांना आधी चौकोनी करावे लागते आणि चौकोनी करताना त्यांतले निम्मे पुन्हा कातरणातच जाते. नियम चांगला होता, पण अर्ध्या तासात खणाचा एक तुकडा हाती आला. सासूबाईंच्या चोळीतून उरलेला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचा, गर्द जांभळ्या रंगाचा आणि एका अंगाला बोटभर लाल काठ असलेला. तळहाताहून तो निश्चितच लहान होता. मी माझा हात पुन्हा पाहिला, बोटे आखडून घेतली आणि तुकडा ‘ठेवायच्या’ ढिगात टाकला.

खरी कसोटी आकाराची नसून कापडाच्या जातीची असते, हे मला फार उशिरा आणि एक गोधडी वाया घालवून समजले. माझ्या पहिल्या गोधडीत मी हाताला आले ते सगळे भरले होते: जुने सुती लुगडे, टेरिकॉटची साडी आणि शिवणातून उरलेले कोरे पॉपलीन. त्या पॉपलीनला एकदाही पाणी लागलेले नव्हते. पहिल्या धुण्यात ते आटले, लुगडे आधीच आटून बसलेले असल्यामुळे जागचे हलले नाही, टेरिकॉटला तर आटणे ठाऊकच नाही; परिणामी दोरीवर वाळलेली गोधडी उन्हात वाकड्या झालेल्या पापडासारखी दिसू लागली. शिवाय टेरिकॉट घाम टिपत नाही, म्हणून मुले ती रात्रीतून पायांनी ढकलून देत. तेव्हापासून कोरे कापड भिजवून वाळवल्याखेरीज मी गोधडीला घेत नाही.

कापडाची जात हाताला कळत नसेल, तर एक दोरा काढून काडी लावावी. या वेळी मी स्वयंपाकघरात स्टीलची ताटली घेऊन बसले आणि संशयित तुकड्यांचे एकेक दोरे जाळून पाहिले. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ करडी राख ठेवतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून वितळते आणि टोकाला काळा, टणक मणी धरतो. गार झाल्यावर तो नखाने फुटत नाही. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर दोन्ही असल्यामुळे ते जळतेही आणि वितळतेही. दुपारभर हा उद्योग केल्यावर घरात असा काही वास कोंडला की शेजारणीने खिडकीतून विचारपूस केली. पण एक अख्खे गाठोडे, माझ्या कल्पनेतले ‘सुती छापील’, काळे मणी धरणारे निघाले.

जुन्या रेशमी साड्यांची परीक्षा वेगळी असते. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या घडीवरच चिरते, म्हणून दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणावे. ‘चर्र’ असा आवाज आला की त्या कापडाचा शिवणाशी संबंध संपला असे समजावे. मी तीन तुकडे ताणले. चौथा माझ्या लग्नातल्या शालूचा होता, तो ताणला नाही.

इंचभर रुंदीच्या पट्ट्या मात्र डोळे झाकून टाकू नयेत. कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांना छेदून तिरकी कापलेली उरेब पट्टी ओढली की ताणते आणि गळ्याच्या गोलाईवर चुणी न पडता वळते; ती हातभर लांब नसली तरी तुकडे जोडून चालते. लहान चिंध्यांचेही तसेच. कर्नाटकात गोधडीला कौदी किंवा कवंदी म्हणतात. तिथल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका आपली कवंदी कडेपासून शिवायला घेऊन फेरी घालत मध्याकडे जातात आणि चारही कोपऱ्यांवर एकावर एक दुमडलेल्या छोट्या चिंध्यांची त्रिकोणी ‘फुला’ बसवतात. ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. माझ्या तळहाताच्या नियमाने त्यांचे सगळे कोपरे उघडे पडले असते.

बटणे, टिचबटणे आणि हूक यांचा डबा मी उघडून पुन्हा बंद केला. इलॅस्टिक टाकले, ते ताणले की परत येत नव्हते. जुन्या रिळांचे दोरे झटका देताच तुटले, म्हणून तेही गेले.

सर्वांत खाली सासूबाईंनी उसवून ठेवलेल्या झबल्यांचे भाग निघाले. शिवणीच्या आत जे जादा कापड राखतात, पुढे कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून, त्याला आमच्याकडे ‘माया’ म्हणतात. सासूबाई चांगली इंचभर माया सोडत आणि मी अर्धा इंच सोडला की त्यांना ते कंजूषपणाचे वाटे. शिवणात माया सोडणे म्हणजे ती आत राखून ठेवणे, आणि एरवी माया सोडणे म्हणजे नेमके उलटे, हे झबल्यांच्या कडा मोजताना प्रथमच माझ्या ध्यानात आले. उन्हाने विटलेल्या त्या पिवळ्या कापडाची माया अजून नव्यासारखी पिवळी होती. झबली ठेवली.

बोहारीण धड कपडे घेते, कातरण घेत नाही; तेव्हा टाकायचा ढीग दोन पोत्यांत भरून दारापाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने हाताला लागलेला ऑइलपेंट पुसायला चिंधी मागितली. मी उदारपणे पोत्यातली मूठभर काढून दिली. पाच मिनिटांत तो परत आला.

“काकू, हे नुसतं सरकतंय, पुसत नाही. सुती नाही का?”

सुती सगळे ठेवायच्या गाठोड्यात होते. त्याला थांबायला सांगून मी गाठ सोडली आणि कोणता तुकडा द्यावा हे ठरवत बसले.