तासाला चार सेंटिमीटर: अल्कच्या नळीतली चोरी

घरच्या कोरलच्या खाऱ्या टाकीत सात दिवसांत अल्क (अल्कलिनिटी, म्हणजे कोरलना सांगाड्यासाठी लागणारं कार्बोनेट; डीकेएच हे तिचं माप) ८.४ वरून ७.१ वर आलं, आणि तेही हिशेब बरोबर असताना. टाकी आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) मिळून निव्वळ पाणी १८० लिटर, रोजचा खप १.२ डीकेएच. अल्क वाढवायच्या द्रावणात लिटरला १०० ग्रॅम धुण्याचा सोडा ऊर्फ सोडा अ‍ॅश, म्हणजे १०० लिटरमागे १ मिलीने साधारण ०.०५३ डीकेएच चढतं. त्यावरून रोज ४१ मिली, २४ डोसांत वाटून प्रत्येकी १.७ मिली. डोस देणारा पेरिस्टाल्टिक पंप (रोलरने नळी चेपत द्रावण ढकलणारा) १०० मिली सलग काढून कॅलिब्रेट केलेला होता आणि मिलीच्या आत बरोबर होता.

पहिला संशय कोरलवर गेला: एसपीएस (कठीण सांगाड्याचे, बारीक पॉलिपचे कोरल) वाढले, खप वाढला. दुसरा हीटरवर आणि रिटर्न पंपावर बसणाऱ्या खपलीवर. या दोन्हींत अल्कबरोबर कॅल्शिअमही उतरतं, १ डीकेएचला साधारण ७ पीपीएम. कॅल्शिअम तर ४२५ वर ठाम. इथे घाईने ‘मग दोष डोसिंगचाच’ म्हणायचा मोह होतो, पण १.३ डीकेएचच्या घसरणीत कॅल्शिअम जेमतेम ९ पीपीएम उतरणार, आणि थेंब मोजायच्या किटवर तेवढं हाताच्या चुकीत सहज बुडतं. म्हणजे कॅल्शिअमच्या स्थिर आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. हॅना कंपनीच्या डीकेएच चेकरलाही (अल्क मोजायचं छोटं यंत्र) कंपनीच ०.३ अधिक ५ टक्के इतकी चूक सांगते, त्यामुळे एकटा आकडा धरून बसायचं नाही. मात्र तीच क्युव्हेट (नमुन्याची काचेची कुपी), तीच वेळ, काचेवर बुडबुडा नाही याची खात्री, आणि तरी सात दिवस ओळीने उतार, तर तो उतार खरा.

मग पंपाचीच झडती. या वेळी सलग चालवून नाही, रोजच्या वेळापत्रकावर. नळीचं टोक ५० मिलीच्या मोजनळ्यात सोडलं, तोंडाला क्लिंग फिल्म लावली आणि २४ तास हात लावला नाही. (त्या दिवसाचं अल्क चार भागांत हाताने घातलं, नाहीतर चाचणीच्या नादात टाकी उपाशी.) दुसऱ्या दिवशी मोजनळ्यात ३४ मिली. लगेच तोच पंप सलग चालवला: ४१ ला ४१. पंप चालू असताना प्रामाणिक, मग चोरी डोसांच्या मधल्या वेळात.

रहस्य मार्कर पेनने फुटलं. डोस संपताच पंपापुढच्या नळीत द्रावण जिथे उभं असेल तिथे रेघ, तासाने पुन्हा रेघ. द्रावण ४ सेंटिमीटर मागे सरकलेलं. आतला व्यास ३ मिलिमीटर, म्हणजे ४ सेंटिमीटरला ०.२८ मिली, २४ वेळा ६.८ मिली. हरवलेले सात मिली हेच. प्रत्येक डोसातला पहिला पाव मिली नळी भरण्यातच जात होता.

डोस कमी केले तर वाचेल, असं वाटून २४ चे १२ केले. काही फायदा नाही. दोन तासांत द्रावण ८ सेंटिमीटर मागे. गळती डोसांच्या संख्येवर नाही, वेळेवर चालते. म्हणजे पंप थांबलेला असताना रोलर नळी पुरती दाबत नाहीत. पेरिस्टाल्टिक पंपात झडप अशी नसतेच, रोलरखाली चेपलेली नळी हीच झडप. सिलिकॉनची नळी महिनोन्‌महिने चेपून चेपून चपटी पडते, मग कडेने बारीक फट राहते. अल्कचा कॅन कॅबिनेटच्या तळाशी, पंपाच्या ७० सेंटिमीटर खाली, म्हणून द्रावण त्या फटीतून आपोआप उतरायचं. कॅल्शिअमच्या द्रावणाची नळी तितकीच जुनी, पण तिचा कॅन पंपाशेजारच्या फळीवर आहे, त्यामुळे तिच्यात सरक नाही. पडताळा म्हणून अल्कचा कॅनही फळीवर ठेवला: सरक तासाला अर्ध्या सेंटिमीटरच्या आत.

मागच्या महिन्यातलं एक कोडंही यात सुटलं. अल्कच्या नळीत, टोकापासून आत पांढरा थर का धरायचा? तेव्हा टोक सम्पच्या पाण्यात बुडलेलं होतं. द्रावण मागे सरकलं की टाकीचं पाणी नळीत ओढलं जायचं, आणि त्यातलं कॅल्शिअम-मॅग्नेशिअम कार्बोनेटला भेटताच तिथेच खाली बसायचं. तेव्हा व्हिनेगरने नळी धुऊन टोक पाण्याच्या ३ सेंटिमीटर वर घेतलं, थर थांबला, पण त्यामुळे सरकण्याची खूणही गेली. चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने सोडणारी झडप) लावा असा सल्ला मिळतो. अल्कच्या लाइनवर नकोच. सोड्याचे खडे धरून तो एक दिवस अर्धवट उघडा राहतो आणि कळतही नाही.

आता नळी फार्मेड बीपीटीची (अशा पंपांसाठीच्या रबरासारख्या प्लास्टिकची) घातली आहे. सिलिकॉनपेक्षा बरीच महाग, पण रोलरखाली कितीतरी जास्त टिकते. कॅन फळीवरच राहील, पण एक पथ्य पाळायचं: कॅनमधली पातळी सोडणाऱ्या टोकापेक्षा नेहमी खाली, इथे १० सेंटिमीटर. उलटं झालं तर तीच झिजलेली नळी सायफन होऊन कॅन सम्पमध्ये रिकामा करेल. नवी नळी बसवल्यावर पुन्हा २४ तासांचा मोजनळा: ४०.५ मिली. रेघ जागच्या जागी! ७.१ वरून ८.२ वर यायला एकूण ३७ मिली जादा लागले, ते तीन दिवसांत वाटून दिले. त्यानंतर चार दिवस ८.२, ८.१, ८.२, ८.२.

द्रावणांबद्दल थोडं. सोडा अ‍ॅश मिळत नसेल तर खायचा सोडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर, पसरट थाळीत. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम झाले की काम झालं, ७० वर असेल तर पुन्हा आत. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात इतर भेसळ असते. कॅल्शिअम क्लोराइडची रड वेगळी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत विचारताना डायहायड्रेट (पाणी धरलेलं) की बिनपाण्याचं अ‍ॅनहायड्रस हे लेबलवर वाचून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नको: डायहायड्रेटचे १३२ ग्रॅम म्हणजे अ‍ॅनहायड्रसचे १०० ग्रॅम. सुटं तर घेऊच नका. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी पिशवी दोन दिवसांत चिकट होते, आणि मग वजनकाटा मिठाबरोबर हवेतलं पाणीही तोलतो. ५०० ग्रॅम डायहायड्रेटची सीलबंद बाटली एकदम ३.८ लिटर आरओ-डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात रिकामी करणं सगळ्यात सुरक्षित.

आता बेत बदललाय. पैसे आपोआप अल्क मोजणाऱ्या यंत्रासाठी बाजूला होते. पण त्या यंत्राने अल्क उतरतंय एवढंच सांगितलं असतं, ते आधीच माहीत होतं. त्याऐवजी अल्कच्या कॅनखाली १ किलोचा लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि एचएक्स७११ (त्याचा आकडा वाचणारी चिप). दोन्ही लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किरकोळीत मिळतात. ४१ मिली द्रावण साधारण ४५ ग्रॅम भरतं, ३४ मिली ३७ ग्रॅम. चोवीस तासांत कॅन ४२ ग्रॅमपेक्षा कमी हलका झाला की ईएसपी३२ने (पंप चालवणारा छोटा वाय-फाय कंट्रोलर) फोनवर ओरडायचं. दमट हवेत लोडसेलचं शून्य हलतं, म्हणून रोज पहाटे त्याच वेळचं वजन धरायचं.

डीसी पंपही जाणार, नेमा १७ स्टेपर (पल्सगणिक एकेक पायरी फिरणारी मोटर) येणार. मॉसफेट (पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, आणि डीसी पंप मग कॅन संपेपर्यंत थांबत नाही. लिटरभर अल्क १८० लिटरमध्ये म्हणजे २९ डीकेएच, सगळं खलास. स्टेपरला पल्स थांबले की तो उभा. तोवर कॅनमध्ये ३०० मिलीच भरायचे, आठवडाभर पुरतात. जुन्या सर्किटवर मॉसफेटच्या गेटला १० किलोओहमचा पुलडाउन (स्विच एरवी बंद ठेवणारा रोध) लावला, कारण वीज गेल्यावर ईएसपी३२ चालू होताना पिन क्षणभर उचलली जाते आणि फुकटचा डोस पडतो. शेवटच्या डोसाची वेळही आता फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिली जाते.

एटीओच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेच्या) पाण्यातून चुन्याची निवळी द्यायचा बेत मात्र ऑक्टोबरपर्यंत बाजूला. मे महिन्यात रोज अडीच लिटर उडत होतं, पूर्ण संपृक्त निवळीतून १.६ डीकेएच मिळालं असतं. जुलैत सव्वा लिटरही उडत नाही, म्हणजे निम्मंच, आणि दमट-कोरडं बदलेल तसा तो आकडा रोज वेगळा. खिडक्या बंद असल्याने कार्बन डायऑक्साइड साचून पीएच रात्री ७.८ ला टेकतो, तेव्हा पीएच चढवणाऱ्या निवळीचा खरा उपयोग आत्ताच होता, पण बाष्पीभवनाच्या भरवशावर अल्क सोडवत नाही. पीएचसाठी आधी स्किमरच्या (बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राच्या) हवेची नळी खिडकीबाहेर काढून बघायची आहे. ६ मिलिमीटरची पुरत नाही, दोन मीटरला १० ची लागेल.