थरथर आणि खडखड: इंजिन माउंटिंग व स्ट्रट माउंट

इंजिन थेट बॉडीला आवळलं, तर त्याची सगळी थरथर स्टिअरिंगपर्यंत पोचेल. म्हणून मधे रबराचं माउंटिंग. ते वजन पेलतं आणि इंजिनाला गदागदा हलूही देत नाही. हायड्रॉलिक प्रकारात आत द्रव असतो. तो गळाला की माउंटिंग अख्खं दिसूनही निकामी.

ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून डीमध्ये (ड्राइव्ह गिअरमध्ये) थरथरते आणि न्यूट्रलमध्ये शांत होते? संशय माउंटिंगवर. दोन्हीकडे सारखीच थरथरत असेल, तर आधी स्पार्क प्लग बघा; उगाच रबर बदलू नका. बदलताना जॅक आणि सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) मधे लाकडी फळी हवीच, नाहीतर सम्प चेपतो. इंजिन स्वतःच्या जागी मोकळं बसल्यावरच बोल्ट शेवटचे आवळा. पिळलेलं रबर लवकर फाटतं.

स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची जोडी; स्ट्रट माउंट तिच्या डोक्यावर असतं. पुढच्या माउंटमध्ये बेअरिंगही असतं. ते जाम झालं की स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग पिळते आणि ‘टण्’ करून सुटते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. माउंटचं रबर दबून बसलं असेल, तर खड्ड्यात ठोके येतात.

स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लावल्याशिवाय माउंटच्या मधला नट खोलायचा नाही. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. काम झालं की चाकांची अलाइनमेंट करून घ्या.